करवत दोन दिवस बाजूला ठेवा

वाचकाचं पत्र:

‘ताई, गेल्या आठवड्यातल्या वादळात आधी पाऊस आला, तो झाडांवर पडता पडताच गोठला आणि वरून रात्रभर बर्फ पडत राहिला. पहाटे काडकाड आवाज येत होते. उजाडल्यावर अंगणात पाहवेना. जुन्या मेपलची एक मोठी फांदी खोडाची साल ओढत खाली आलीय आणि दुसरी मोडून वरच अडकलीय. बर्च धनुष्यासारखा वाकून त्याचा शेंडा जमिनीला टेकलाय. बाबा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी तो लावला होता आणि आता बाबा नाहीत. स्प्रूसचा शेंडा मोडलाय. दोन वर्षांपूर्वी लावलेलं शोभेच्या सफरचंदाचं झाड मुळाशी कललंय. काल एक जण दारावर आला होता. म्हणाला, “सगळ्या झाडांचे शेंडे सरसकट उतरवून टाका, नाहीतर पुढच्या वादळात घरावर येतील.” उद्या करवत घेऊन येतो म्हणालाय. त्याला होकार द्यावा का? जखमांना डांबर किंवा रंग लावू का? खत घालू का? यातलं कुठलं झाड वाचेल?’

उत्तर:

उद्या येणाऱ्या त्या माणसाला आजच नको म्हणून कळवा. बाकीचं सगळं त्यानंतर. तुमच्या पत्रातल्या चारही झाडांना जगायची चांगली संधी आहे. वादळाने जेवढं मोडलं नाही, तेवढं उद्याच्या एका दुपारी त्या करवतीने मोडलं जाईल.

घाई फक्त एका गोष्टीची करायची, ती म्हणजे माणसांच्या जिवाची. मेपलवर जी फांदी अडकून राहिलीय, तिच्याखाली कुणालाही फिरकू देऊ नका, मुलांना तर नाहीच. अशी फांदी आठवडाभर हलत नाही आणि एखाद्या उबदार दुपारी बर्फ सुटला की न सांगता खाली येते. तिच्या पडण्याच्या टप्प्याबाहेर दोरी बांधा. कुठल्याही झाडाला किंवा फांदीला विजेची तार लागली असेल तर किमान दहा मीटर लांब राहा, तार जिवंत आहे असंच धरून चाला आणि वीज कंपनीला कळवा. झाडालगतची जमीन एका बाजूने फुगलेली, भेगाळलेली दिसली तर तेही झाड मुळातून सुटतंय असं समजा. शिडीवर उभं राहून यंत्राची करवत कधीही चालवू नका. जमिनीवर उभं राहून हाताने जे कापता येईल तेवढंच तुमचं काम. त्यावरचं सगळं दोरांनी चढणाऱ्या जाणकाराचं.

आता त्या आवाजांविषयी. पाच मिलिमीटर जाडीची डहाळी डोळ्यांसमोर आणा. तिच्याभोवती चहूबाजूंनी एक सेंटिमीटर बर्फ गोठला, तर त्या बर्फाचं वजन डहाळीच्या स्वतःच्या वजनाच्या वीस पटींहून जास्त भरतं. झाडावर अशा हजारो डहाळ्या असतात. त्यामुळे फांदी मोडली याचा अर्थ झाड आजारी किंवा कमकुवत होतं असा होत नाही. चांगली निरोगी झाडंही अशा रात्री मोडतात. फक्त ती कुठे मोडतात ते नीट पाहा. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून निघालेल्या असतात आणि मध्ये साल दबून राहिलेली असते, तिथे लाकडाला लाकडाची पकड मिळालेलीच नसते. पुष्कळदा झाड तिथेच फाटतं.

झाडांवर अजून बर्फ असेल तर एवढं सांभाळा. गोठून काचेसारखं कडक झालेलं आवरण फांदीवरून झटकायला जाऊ नका, काठीने ठोकू नका. गोठलेली फांदी ठिसूळ असते. बर्फाने मोडली नसती अशी डहाळी तुमच्या काठीने मोडेल आणि तिच्यावरचे येत्या वसंताचे डोळेही गळून पडतील. गरम पाणी तर मुळीच ओतू नका. ताजा भुसभुशीत बर्फ मात्र काढता येतो. केरसुणी फांदीच्या खालून लावायची आणि अलगद वर उचलायची. वरून खाली झोडपायचं नाही, कारण फांदी आधीच खाली ओढली गेलेली असते.

कुठलं झाड वाचेल, हा तुमचा खरा प्रश्न. अंगणात उभं राहून प्रत्येक झाडाकडे पाहा आणि वादळाआधी त्याच्या फांद्यांचा जो डोलारा होता, त्यातला किती उरलाय याचा अंदाज घ्या. पाव भागापेक्षा कमी गेला असेल तर काळजीचं कारण नाही. पाव ते अर्ध्यापर्यंत गेला असेल तर झाड सावरतं, पण त्याला काही वर्षं लागतात. अर्ध्याहून जास्त गेला असेल तर जाणकाराला दाखवावं. मुख्य खोड उभं चिरलं असेल किंवा खोडाच्या निम्म्याहून जास्त घेराची साल गेली असेल, तर ते झाड घराजवळ ठेवणं धोक्याचं होतं. तुमच्या वर्णनावरून मेपलचा पाऊण डोलारा तरी शाबूत दिसतो. १९९८ च्या जानेवारीत पूर्व कॅनडा आणि ईशान्य अमेरिकेत कित्येक दिवस असाच गोठता पाऊस पडला आणि मेपलची रानंच्या रानं मोडली. त्यातली अर्ध्याहून जास्त डोलारा शिल्लक राहिलेली बहुतेक झाडं पुढे सावरली.

हिवाळ्यात झाड मोडलं याचा एक फायदाही असतो. पानगळीच्या झाडांचं त्या वर्षीचं अन्न पिष्टाच्या रूपात मुळांत आणि खोडात साठवलेलं असतं. वर फांद्या मोडल्या तरी खालची शिदोरी बरीचशी शाबूत राहते आणि वसंतात नवी पालवी तिच्यावरच फुटते. शेंडे सरसकट उतरवण्याला माझा जिवापाड विरोध आहे तो यामुळेच. बोडकं केलेल्या झाडाला एकीकडे ही सगळी शिदोरी खर्चून नवे धुमारे फोडावे लागतात आणि दुसरीकडे अन्न तयार करणारी पानंच उरलेली नसतात. मोठमोठे उघडे खुंट राहतात, ते सडतात. त्या सडक्या खुंटांच्या कडेला झपाट्याने सरळसोट फुटवे येतात. त्यांची पकड वरवरच्या लाकडापुरती असते, म्हणून पाच-सात वर्षांनी तेच फुटवे जाड होऊन वादळात सहज निखळतात. पुढच्या वादळाची भीती दाखवून जो हे काम सुचवतो, तो पुढच्या वादळासाठी मोडकं झाड तयार करून जातो.

आता मेपल. खाली लोंबणारी फांदी काढायला हवी, पण कशी ते नीट समजून घ्या, कारण पुढची वीस वर्षं या एका कापावर अवलंबून आहेत. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बोट फिरवून पाहा. एक फुगीर कडं हाताला लागेल, अंगठीसारखं. वरच्या बेचक्यात सालीची काळसर, खरखरीत घडी दिसेल. ते कडं झाडाचं आहे, फांदीचं नाही. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर द्यायचा, कडं शाबूत ठेवून. जड फांदी एका कापात कधीही काढू नका. आधी कड्यापासून हातभर पुढे फांदीच्या खालच्या बाजूने तिसरा हिस्सा खोल काप द्या. मग त्याहून थोडं पुढे वरून कापा. फांदी खाली पडेल आणि साल ओढली गेलीच तर त्या पहिल्या कापाशी येऊन थांबेल. उरलेला हलका खुंट मग कड्याबाहेर स्वच्छ कापा. काम आवाक्याबाहेरचं असेल तर जाणकार बोलवा, पण काप कुठे देणार हे त्याला तुम्ही आधी विचारा.

हे इतकं सविस्तर लिहितेय कारण ही चूक मी स्वतः केली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, काही माहीत नसताना, मी एका तरुण ओकची मोडलेली फांदी खोडाला अगदी चिकटून, ‘सफाईदार’ म्हणून कापली. दिसायला ती जागा छान सपाट दिसत होती. कडं मात्र मी कापून टाकलं होतं. काही वर्षांनी तिथे हात लावला तर साल आत दबली, खाली लाकडाचा भुसा झाला होता. त्याच झाडाची दुसरी फांदी वाऱ्याने कड्याबाहेर मोडली होती आणि मी तिला हातही लावला नव्हता. तिच्याभोवती मात्र जाड गोल वळी येऊन जखम जवळजवळ मिटली होती.

असं का होतं, हे अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं. आपल्या अंगावरची जखम नव्या पेशींनी भरून येते. झाडाचं तसं नसतं. बिघडलेला भाग ते कधीच दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत जखम झाकतं. सड आत राहतेच, पण भिंतीपलीकडे जात नाही. फांदीच्या बुडाशी असलेलं ते कडं म्हणजे ही भिंत उभारायची झाडाची सगळ्यात चांगली जागा. ती आपणच कापून टाकली तर झाडाकडे उपाय राहत नाही.

तुमच्या डांबराच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. डांबर, रंग, सिमेंट, काही लावू नका. लेपाखाली ओल कोंडते, कड्यातून येणारी नवी वळी अडते आणि सड होते ती होतेच. याला एकच अपवाद मला माहीत आहे. उत्तर अमेरिकेत ज्या भागात ओकला ‘ओक विल्ट’ नावाचा बुरशीचा रोग होतो, तिथे वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओकची फांदी मोडली तर जखमेवर लगेच रंगाचा हात फिरवतात, कारण ताज्या जखमेच्या वासाने येणारे किडे तो रोग घेऊन येतात. तुमच्याकडे ओक नाही, मेपल आहे, म्हणून ते विसरा. मेपल किंवा बर्चच्या कापातून हिवाळ्याच्या अखेरीस रस ठिबकताना दिसेल. पाहून जीव कळवळतो खरा, पण त्याने झाडाला अपाय होत नाही.

फांदीने खोडावरून ओढून नेलेल्या सालीचं काय? जी साल लोंबतेय, लाकडापासून सुटली आहे, ती पुन्हा चिकटणार नाही. सौम्य दिवस बघून धारदार सुरीने तेवढीच सुटलेली साल काढा आणि घट्ट बसलेल्या सालीपाशी थांबा. जखमेला डौलदार आकार द्यायच्या नादात चांगली साल कोरू नका. गेलेल्या सालीची रुंदी खोडाच्या घेराच्या पाव भागाहून कमी असेल तर मेपल ती जखम झाकत नेईल.

बर्चविषयी लिहिताना मला जास्त जपून लिहावंसं वाटतं. बाबांचं झाड जमिनीला टेकलेलं पाहणं किती जड गेलं असेल. बर्चचं लाकूड लवचिक असतं आणि वाकणं हा त्याचा मोडण्यापासून वाचायचा मार्ग आहे. आधी बर्फ आपोआप वितळू द्या. शेंडा जमिनीवर गोठून चिकटला असेल तर ओढून सोडवू नका. बर्फ गेल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. तरुण बर्च पुष्कळदा स्वतःच बराचसा वर येतो. दरम्यान वाकण्याच्या जागी खोडाच्या आतल्या बाजूला आडव्या चुण्या आणि बाहेरच्या बाजूला उभ्या भेगा आहेत का ते पाहा. भेग खोलवर गेली असेल तर ते खोड पुन्हा विश्वासाचं होत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. बर्च अनेक खोडांचा असेल तर मात्र तेवढंच खोड काढून बाकीचं झाड ठेवता येतं. भेग नसेल आणि झाड आपलं आपण पुरेसं वर आलं नाही, तर पालवी फुटायच्या आधी आधार द्या. रुंद कापडी पट्टा शेंड्यापासून खाली साधारण एक तृतीयांशावर घाला, जमिनीत ठोकलेल्या मेखेला बांधा आणि एकदम न ओढता दर काही दिवसांनी थोडं थोडं वर घ्या. नुसती तार किंवा सुतळी सालीत रुतते, ती वापरू नका.

स्प्रूसची गोष्ट वेगळी. सूचिपर्णी झाडांपैकी बहुतेकांना जुन्या, उघड्या लाकडातून नवे धुमारे फुटत नाहीत, म्हणून हिरव्या भागापलीकडे आत कापत जायचं नाही. मोडलेला शेंडा शाबूत लाकडापर्यंत तिरका कापा. त्याच्या लगेच खाली फांद्यांचं वर्तुळ असेल, त्यातली सगळ्यात जोमदार एक निवडा, बांबूच्या काडीला सैल बांधून उभी करा आणि शेजारच्या फांद्यांची टोकं थोडी खुडा म्हणजे त्या तिच्याशी स्पर्धा करणार नाहीत. एक-दोन हंगामांत ती नवा शेंडा होते. हे जमिनीवरून हात पोचेल अशा झाडापुरतंच. स्प्रूस उंच असेल तर ते स्वतःच एखाद्या फांदीला वर वळवतं. दोन शेंडे झाले तर पुढे एक काढायला लावा.

कललेलं शोभेचं सफरचंद वाचवणं त्यातल्या त्यात सोपं. खोड मनगटापेक्षा फार जाड नसेल आणि एका बाजूची तरी मुळं जमिनीत असतील, तर ते पुन्हा उभं राहतं. गोठलेल्या मातीत ओढाताण केली तर उरलेली मुळंही तुटतील. आत्ता उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाने आणि पाचोळ्याने झाका, सुकू देऊ नका. जमीन सुटून वाफसा आला की वर उचललेल्या मुळांखालची माती उकरून जागा करा, म्हणजे झाड उभं करताना मुळं दुमडणार नाहीत. तुटक्या मुळांची टोकं स्वच्छ कापा, झाड सरळ करा, माती भरून पाणी द्या. दोन बाजूंना दोन खुंट्या आणि रुंद पट्टे, इतके सैल की खोड वाऱ्याने थोडं हलू शकेल. त्या हलण्यानेच खोड आणि मुळं घट्ट होतात.

खत आत्ता नको. नत्र दिलं की झाड पानांच्या मागे लागतं आणि जखमा कोंडायला, मुळं सावरायला जी शिदोरी लागते ती त्यात जाते. पहिलं वर्षभर खताचं नाव काढू नका. पुढे माती तपासून कमतरता दिसली तरच द्या. त्याऐवजी पाणी. येत्या उन्हाळ्यात पाऊस नसेल त्या आठवड्यात अडीच सेंटिमीटर पावसाइतकं पाणी सावकाश मुरू द्या, वीत-दीड वीत खोलपर्यंत माती ओली झाली पाहिजे. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर बरं. आळ्यात पाच ते दहा सेंटिमीटर लाकडाच्या चिपांचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन घाला, पण बुंध्याला टेकवू नका. खोडाभोवती चिपांचा डोंगर रचलेला दिसतो तिथे हमखास साल कुजलेली सापडते. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर तो बर्फ झाडाच्या बुडाशी ढकलू नका.

आणखी एक, मोडक्या फांद्या न्यायला गाडी झाडाखाली आणू देऊ नका. बर्फ वितळताना जमीन लिबलिबीत असते, एका फेरीत ती दबून विटेसारखी होते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. हे किती महत्त्वाचं आहे ते लंडनजवळच्या क्यू गार्डन्समधल्या एका ओकने शिकवलं. १७९८ मध्ये लावलेला हा ‘टर्नर्स ओक’ १९८० च्या दशकात खंगत चालला होता. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या वादळाने त्याला मुळांसकट उचललं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवलं. त्या रात्री बागेत सातशेच्या आसपास झाडं गेली. बागेतले वृक्षतज्ज्ञ टोनी कर्कहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकला टेकू दिला आणि ते इतर पडझडीकडे वळले. सुमारे तीन वर्षांनी पाहतात तो ओक पूर्वीपेक्षा जोमाने वाढत होता. दोन शतकं पायांखाली दबलेली माती वादळाने एका झटक्यात मोकळी केली होती. त्यानंतर तिथे दबलेल्या मातीत दाबाने हवा सोडून मुळांभोवतीची जमीन भुसभुशीत करायला सुरुवात झाली. मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, कारण शेवटचा नंबर लावलेलं झाड, कुणी करवत न लावल्यामुळे, आपलं आपण उभं राहिलं.

वसंतात काय दिसेल ते आधीच सांगते, म्हणजे घाबरणार नाही. मेपलला पालवी उशिरा येईल, काही फांद्यांवर पानं लहान असतील. एखादी फांदी मेली असं वाटलं तर नखाने साल थोडी खरवडा, खाली हिरवं दिसलं की ती जिवंत. मोडलेल्या जागांजवळ पाणसोट म्हणतात तसे सरळ वर जाणारे फुटवे झुबक्याने येतील. ते विद्रूप दिसतात म्हणून पहिल्याच वर्षी सगळे काढू नका, तीच त्या वेळी झाडाची पानं असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक झुबक्यातले चांगल्या जागी असलेले एक-दोन ठेवून बाकीचे हळूहळू कमी करा. एका वर्षात जिवंत डोलाऱ्याचा पाव भागाहून जास्त हिस्सा कधीच काढू नका, आणि वादळाने नेलेलंही त्यात धरा. मेपलची यंदाची वाटणी वादळाने वापरून टाकली आहे.

अडकलेल्या फांदीसाठी माणूस शोधाल तेव्हा ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या वृक्षतज्ज्ञांच्या संस्थेचं प्रमाणपत्र आणि अपघात विमा आहे का ते विचारा, आणि जिवंत झाडावर तो खिळ्यांचे बूट घालून चढणार का हेही विचारा. चढणार असेल तर त्याला नको म्हणा, प्रत्येक खिळा ही नवी जखम असते. बेचकं थोडं फाटलं असेल तर पोलादी दोर किंवा बोल्ट घालून ते आवळता येतं का, हेही त्याच्याकडूनच पाहून घ्या.

शेवटी, बर्चला पट्टा बांधाल त्या दिवशीच कॅलेंडरवर दोन तारखा लिहा. एक भर उन्हाळ्यातली, पट्टा रुततोय का ते पाहून सैल करायची. दुसरी पुढच्या वसंतातली, तो काढून टाकायची. सफरचंदाच्या खुंट्यांसाठीही तसंच. आधार विसरल्यामुळे खोड आवळून मेलेली झाडं मी पाहिली आहेत. पट्टा सोडल्यावर बर्च कसा उभा राहिला, ते मला लिहून कळवा. मी वाट पाहीन.